गाडी माझ्या ताब्यात आहे

सकाळी सव्वासहाच्या सुमारास आमच्या गल्लीतून आधी एक कुत्री जाते. मग ताणलेला पट्टा जातो. मग एक लांब झालेला हात जातो, आणि सगळ्यात शेवटी गार्डसाहेब जातात. अंग मागे कललेलं, टाचा डांबरात रुतवलेल्या, कानटोपी एकाच कानावर. डाव्या हातात काठी असते, पण ती कुत्रीला मारायला नाही. वळण आलं की ती विजेच्या खांबाला अडकवून ते वेग कमी करतात.

मी दारात दात घासत उभा असतो. विचारायचं म्हणून विचारतो, "काय गार्डसाहेब, निघालात?"

"हिला जरा फिरवून आणतो," ते म्हणतात. त्यातला 'आणतो' माझ्यापर्यंत पोचतो तेव्हा ते कोपऱ्यावरून दिसेनासे झालेले असतात.

बैलगाडीच्या खालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं, गाडी आपणच ओढतोय, असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या गल्लीत कुत्रं खरोखरच ओढतं. वाटून घ्यायचं काम तेवढं मालकाकडे आहे.

ही माणसांची एक जातच असते. वरातीत नवरदेवाच्या घोड्याचा लगाम धरून चालणारा मामा पाहा; घोडं बँडच्या मागं आपोआप चाललेलं असतं, पण मामाच्या चेहऱ्यावर पानिपतची जबाबदारी. वडापच्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या मांडीवर बसून 'घे, घे, डावीकडनं घे' असं सांगणारा प्रवासी पाहा. ही सगळी एकाच गोत्रातली मंडळी. पण त्यांच्याकडे नुसता समज असतो. गार्डसाहेबांकडे नियमाचं पुस्तक आहे.

ते मध्य रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. सगळी नोकरी दौंडला. या पदाला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात. 2022 च्या जानेवारीत रेल्वेनं नाव बदललं. साहेब त्याच्या आधीच निवृत्त झाले होते, आणि 'मॅनेजर बँकेत असतो' या एका मुद्द्यावर त्यांचा नव्या नावाला विरोध आहे. तर नियमाच्या पुस्तकाप्रमाणे धावती गाडी गार्डाच्या ताब्यात असते. गार्डाची झेंडी आणि शिट्टी झाल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी हलवायची नाही. "ड्रायव्हर काय, नुसता ओढतो," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की आता वर्गातसुद्धा अधूनमधून माझ्या तोंडात येतं. म्हणजे अठ्ठावन्न वाघिणींच्या मागं, एका खडखडणाऱ्या ब्रेकव्हॅनमध्ये, पुढचं इंजिन नजरेलाही न पडता, इंजिन नेईल तिकडं हा माणूस तीस-बत्तीस वर्षं ओढला गेला. आणि त्या सगळ्या वर्षांत गाडी त्याच्या ताब्यात होती. मेल आली तेव्हा त्यांना नवीन असं काही शिकावं लागलं नाही.

मेल हे कुत्रीचं नाव. त्याची कथा अशी, की मालगाडीच्या प्रत्येक गार्डाला मेल-एक्सप्रेसवर बढती हवी असते. साहेबांची ती या ना त्या कारणानं हुकली. विसापूर, बेलवंडी असल्या स्टेशनांच्या लूप लाईनला त्यांची सिमेंटची गाडी तासन् तास पडून असायची आणि शेजारच्या लायनीवरून मेल धूळ उडवत निघून जायची. त्या धुळीत त्यांनी ठरवलं असावं. घरात पिल्लू आलं, त्याच दिवशी ते म्हणाले, "हिचं नाव मेल."

जनावरांच्या दवाखान्यात लस टोचायला नेली तेव्हा मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी कार्ड भरायला घेतलं.

"नाव?"

"मेल."

"ते नंतर लिहू. नाव सांगा आधी."

"मेल."

"हो, नर आहे, कळलं. नाव काय?"

"नर नाही, मादी आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढून पुसला. बाकावर बसलेला एक शेळीवाला मधे पडून म्हणाला, "डाक्टर, मेल गाडी म्हनत्यात ती." तेव्हा कुठं कार्ड पुरं झालं.

आता रेल्वेचा माणूस शिरूरला कसा, हा प्रश्न कुणालाही पडेल. शिरूरला नदी आहे, बाजार आहे, हाकेच्या अंतरावर नगर जिल्ह्याची हद्द आहे. रेल्वे मात्र नाही. आणि तेच कारण. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये साहेबांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, जन्म काढला. रात्री दीडला कॉलबॉय येऊन दार वाजवायचा, साहेब डबा-कंदील घेऊन निघायचे, आणि परत कधी येतील ते रेल्वेलासुद्धा ठाऊक नसायचं. निवृत्तीनंतर घर बांधायची वेळ आली तेव्हा काकूंनी एकच अट घातली, की गच्चीवरून रूळ दिसता कामा नये. शिवाय त्यांचं माहेर न्हावऱ्याच्या रस्त्याला, गावापासून सहा-सात किलोमीटरवरची वस्ती. त्यामुळं शिरूर ठरलं.

मेल याच वस्तीवरची. बाप कारवानी होता, असं काकूंचे भाऊ सांगतात. आई वस्तीचीच, तिला कुणी काही विचारलं नाही. पण बापाविषयी शंका घ्यायला जागा नाही. लांब निमुळतं तोंड, खपाटीला गेलेलं पोट, कमरेला धनुष्यासारखी कमान, आणि पाय असे की उभी असली तरी कुठून तरी आल्यासारखी वाटते. कारवानी ही वासावर नव्हे, नजरेवर धावणारी जात. लांबच्या बांधावर ससा हलला की तिच्या डोक्यातलं बाकीचं सगळं बंद पडतं. मग मालक, भाकरी, नाव, यातलं काहीही आठवत नाही. असलं जनावर पत्र्याच्या फाटकाच्या आत, दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर, एका पेन्शनरच्या हवाली केलं, तर ते पळून जाणार नाही तर काय हरिपाठ म्हणणार?

पळून जायची सुरुवात साहेबांनीच करून दिली, हे त्यांना अजून पटलेलं नाही. झालं असं, की पिल्लू तीन महिन्यांचं झालं आणि पहिल्यांदा फिरायला निघालं, तेव्हा त्यांनी फाटक उघडलं, गल्लीत डावीकडं-उजवीकडं पाहिलं, खिशातून नोकरीतली शिट्टी काढली आणि वाजवली. मग निघाले. दुसऱ्या दिवशीही तेच. रोज सकाळ-संध्याकाळ आधी शिट्टी आणि मग प्रस्थान. सहा महिने हा पाठ चालला. मग एक दिवस नदीच्या पुलाजवळ मेलनं हिसडा दिला आणि पट्टा सुटला. साहेबांनी तिला परत बोलावण्यासाठी जीव खाऊन शिट्टी फुंकली.

मेलनं एकदा मागं वळून पाहिलं. पाहते तर गार्डानं शिट्टी दिलेली. ती तिनं तत्परतेनं पाळली आणि पूल ओलांडून जिल्हा बदलून गेली.

संध्याकाळी पलीकडच्या वाडीतल्या एका दूधवाल्यानं तिला किटल्यांच्या मधे बांधून मोटारसायकलवरून आणून सोडलं. मी म्हणालो, "साहेब, शिट्टी म्हणजे 'नीघ' असं शिकलीय ती. ती वाजवू नका." त्यांनी माझ्याकडं, आउटर सिग्नलच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाकडं पाहावं, तसं पाहिलं. "मास्तर, बत्तीस वर्षं वाजवलीय ही शिट्टी. कधी कुणाची तक्रार आली नाही." येणार कशी? बत्तीस वर्षं ती सुटण्यासाठीच वाजत होती.

पट्ट्यांचा प्रयोग वेगळा. पहिला सुती दोर. तो हात सोलून गेला. मग साखळी. तिच्या आवाजानं गल्लीतली बाकीची सगळी कुत्री मिरवणुकीला सामील व्हायला लागली. मग पुतण्यानं पुण्याहून बटण दाबलं की लांबत जाणारा पट्टा आणला, आणि ती घोडचूक ठरली. कारण तो पट्टा सदा ताणलेलाच असतो. जनावर जितकं ओढेल तितका तो देतो, म्हणजे ओढलं की मिळतं हे त्याला पावलोपावली शिकवतो. पहिल्याच संध्याकाळी मेलनं पंधरा फूट पट्टा घेतला, एका स्कूटरला, एका पेरूच्या गाडीला आणि नळावर उभ्या असलेल्या दोन बायकांना वेढा घातला आणि मूळ जागी येऊन बसली. सोडवायला वीस मिनिटं लागली. पेरूवाला दुकान मांडल्यासारखा आतच उभा राहून गिऱ्हाइकं करत होता.

एक मात्र कबूल करायला हवं. इतकं ओढलं जाऊनही गार्डसाहेब पडले नाहीत. मी एकदा मेलला धरलं आणि चौदाव्या पावलाला सपशेल आडवा झालो. गुडघ्याची खूण अजून आहे. त्यांना विचारलं, तर त्यांनी शास्त्र सांगितलं. मालगाडीत प्रत्येक दोन वाघिणींच्या मधे जोडाला थोडी ढील असते. इंजिन हललं की ती ढील एकामागून एक ताणली जात मागं येते, खड्, खड्, खड्, आणि शेवटाला गार्डाच्या डब्याला जो हिसका बसतो त्यानं चहाचा कप भिंतीवर जातो. पहिला धक्का इंजिन देतं, सगळ्यात मोठा गार्ड खातो. "आवाज मागं येताना ऐकू येतो, मास्तर. त्या वेळात माणसानं गुडघे सैल सोडायचे." मेलच्या खांद्याचा स्नायू फुगला की हे गुडघे सैल सोडतात. आपण सगळे गुडघे ताठ करतो, म्हणून आपण नळावर आणि ते कोपऱ्यावर.

या सगळ्याची नोंद आहे. गार्डाकडं रफ जर्नल नावाची वही असते. गाडी किती वाजता सुटली, कुठं खोळंबली, किती मिनिटं, आणि कारण काय, हे तिच्यात लिहायचं. साहेबांनी निवृत्तीनंतरही दोनशे पानी वही आखून घेतली आहे. त्यांनी ती मला एकदा दाखवली. मी त्यातलं एक पान जसंच्या तसं पाठ केलंय:

"06.12 सुटली. 06.14 खांब, 1 मि. 06.15 दुसरा खांब, 1 मि. 06.19 डुक्कर व चार पिल्ले, 6 मि. 06.31 पार्टिंग. 07.50 जोडली, ऊस तोडणीवाल्यांच्या टोळीजवळ. कारण: टोळीत बोंबील भाजत होते."

पार्टिंग म्हणजे चालत्या गाडीचे दोन तुकडे होणं. रेल्वेत तो मोठा गुन्हा, चौकशी लागते. वहीच्या शेवटच्या रकान्यात मी बारकाईनं शोधलं. कारण: डुक्कर. कारण: पतंग. कारण: शेजारी (मास्तर) यांनी विनाकारण हाक मारली. कारण: पट्ट्याची कडी, कंपनीची. 'कारण: गार्ड' असं दोनशे पानांत एकदाही नाही.

गल्लीतही कुणी त्यांना फार बोलत नाही. मेल पुढं आणि पट्टा हातात घेऊन साहेब मागं, असं धावताना दिसले की एखादी म्हातारी म्हणते, "निगालं बाई नामदेव म्हाराज." कुत्र्यानं पोळी पळवली, तर कोरडी कशी खाशील म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, ही गोष्ट आमच्याकडं पोरांना दुधाबरोबर पाजतात. साहेब त्यावरही खूश असतात. जास्तच कुणी हसलं तर ते साताऱ्याच्या शाहू महाराजांचा खंड्या काढतात. वाघापासून महाराजांना वाचवलेला तो कुत्रा. त्याला पालखीचा मान होता, संगम माहुलीला त्याची समाधी आहे. मी म्हणतो, बरोबर आहे साहेब, पण त्या पालखीत कुत्रं बसायचं आणि वाहायला भोई असायचे. ते म्हणतात, "तेच तर सांगतोय." काय सांगतायत ते मला अजून कळलेलं नाही.

त्यांची भाची शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला आहे. दिवाळीला आली आणि मामाची वरात दोन दिवस पाहून तिसऱ्या दिवशी तिनं मामाला ओट्यावर बसवलं. म्हणाली, "मामा, ती ओढते कारण ओढल्यावर पुढं जायला मिळतं. पट्टा ताणला की तुम्ही जागच्या जागी थांबायचं. खेचायचं नाही, ओरडायचं नाही. ढिला पडला की चालायचं. आणि पळून गेल्यावर परत आली तर रागवायचं नाही, नाहीतर परत येण्याची शिक्षा झाली असं तिला वाटतं. मागं धावायचं तर मुळीच नाही. उलट्या दिशेनं चालायला लागा, ती बघायला येईल." गळ्याला पट्टा नको, छातीवर कडी असलेला हार्नेस घाला, हेही तिनं सांगितलं. गळ्यावर जोर आला की श्वासनळी दुखते, आणि छातीवरची कडी ताणली की जनावर आपोआप आपल्याकडं वळतं.

मला वाटलं, हे काही साहेबांच्या पचनी पडणार नाही. पण भाचीनं भाषा बरोबर निवडली होती. "ताण म्हणजे लाल, ढील म्हणजे हिरवा," एवढंच ती शेवटी म्हणाली. साहेबांचे डोळे लकाकले.

दुसऱ्या सकाळी मी दात घासायला आलो तर दोघं फाटकापासून चार हातांवर उभे. दात घासून, चहा पिऊन, पेपर वाचून पुन्हा आलो तर आठ हातांवर. मेल पुढं वाकलेली, साहेब निश्चल, चेहऱ्यावर असीम शांती. त्यांना सिग्नलला थांबण्याचा अनुभव कमी होता का? सिंगल लाईनच्या काळातल्या दौंड–मनमाड सेक्शनवर त्यांनी काढलेले तास एकत्र केले तर माझी अख्खी नोकरी बसेल त्यात. मेल थकली, पण साहेब थकले नाहीत. पंधरा दिवसांत ती गल्लीच्या टोकापर्यंत पट्टा सैल ठेवून चालायला लागली. सगळ्यांनी कौतुक केलं. त्यापुढं मुख्य रस्ता लागतो, तिथं डुकरं असतात, आणि तिथून पुन्हा जुनं वेळापत्रक लागू होतं.

हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते एकदाच झालं. गळिताचा हंगाम होता. मेल सासुरवाडीच्या वस्तीवर पळाली. हे तिचं नेहमीचं. "मला चाळीस वर्षांत जमलं नाही ते हिनं वर्षात केलं, मनात आलं की माहेरी," असं काकू म्हणतात. पण या वेळी ती वस्तीवर पोचलीच नाही. बांधावर एका पोरानं तिला उसात शिरताना पाहिलं होतं. आणि अंधार पडत होता.

आमच्याकडं अंधार आणि ऊस हे दोन शब्द आता कुणी एका वाक्यात सहज घेत नाही. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, आणि जुन्नर-आंबेगावकडनं बिबट्या त्या उसातून शिरूरला उतरला. दौंडच्या भीमाकाठालाही आता तो आहे. कुत्रं हे त्याचं आवडतं खाणं. अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासली तेव्हा त्याच्या आहारात वजनानं 39 टक्के गावकुत्रीच निघाली. शेळ्या त्याच्या बऱ्याच खाली. धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात तो काही शोभेला नाही. बिबट्या नरड्याला धरतो. 2025 च्या नोव्हेंबरात तर आमच्याच तालुक्यात पिंपरखेडला बायामाणसं तसले पट्टे स्वतःच्या गळ्यात घालून रानात जायला लागली होती. त्यावर कुणी विनोद केल्याचं मी ऐकलं नाही.

साहेब त्या रात्री बांधावर उभे राहिले. हातात त्यांचा तो जुना तीनरंगी दिवा. मी, त्यांचे मेव्हणे आणि दोन गडी ट्रॅक्टर चालू ठेवून, दिवे लावून मागं बसलेलो. साहेब हिरवा दिवा उसाच्या दिशेनं हलवत होते, वर-खाली, सावकाश. शिट्टी त्यांनी वाजवली नाही. खिशात होती, हात दोनदा तिकडं गेलेला मी पाहिला. तासभर झाल्यावर मी म्हणालो, "साहेब, घरी जाऊ." ते म्हणाले, "मागचा भाग सेक्शनमध्ये सोडून गार्ड जात नाही." मग पुन्हा दिवा हलवायला लागले.

ती आली पहाटे पाचला, आणि तीही आमच्याकडं नाही. रात्री वस्तीवर राहिलेल्या काकू अंगणातल्या चुलीवर आमच्यासाठी भाकरी टाकायला बसल्या होत्या. परातीत भाकरी थापल्याचा आवाज झाला, थप, थप, आणि मेल गोठ्याच्या मागनं येऊन काकूंच्या गुडघ्याला नाक लावून उभी राहिली. अंगभर कुसळं, कान फाटलेला, कशानं ते कळलं नाही. काकूंनी तिला पहिली भाकरी मोडून दिली. मग गड्याला म्हणाल्या, "जा, त्या सगळ्यांना सांग. दिवा बंद करा म्हणावं, सेल संपतील."

काकू तिला कधी फिरायला नेत नाहीत, हे सांगायला हवं. नाव घेऊन हाकही मारत नाहीत. 'ए बाई' म्हणतात. पण घरात परात वाजली की मेल दोन गल्ल्यांवरून येते. साहेबांना याचं कारण विचारलं तर ते म्हणतात, "कोचिंग डेपो. गाडी धुवायला-खायला डेपोलाच येते. म्हणून काय ती डेपोच्या ताब्यात असते का?"

त्यानंतर पुतण्यानं जीपीएसची डबी आणून मेलच्या पट्ट्याला लावली. मोबाईलवर ठिपका दिसतो, कुठं गेली ते घरबसल्या कळतं. साहेबांनी ती दुसऱ्या दिवशी काढून ठेवली. मला कारण माहीत होतं. काही मालगाड्यांना आता गार्डच नसतो. शेवटच्या वाघिणीला एक यंत्र बसवतात, ते इंजिनाला कळवतं, की गाडी पूर्ण आहे, तुटलेली नाही. एक डबी माणसाचं काम करते. "डबी लावायची तर मी कशाला?" साहेब म्हणाले. एवढ्या बारक्या डबीनं त्यांना बोचलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि विषय बदलला.

गेल्या नोव्हेंबरात त्यांना हयातीचा दाखला द्यायला दौंडला जायचं होतं. तो आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, पण त्यांचं म्हणणं, हयात आहे हे दौंडला जाऊनच सांगितलं पाहिजे. मेलला घेऊन जायचं ठरलं. गाडी माझी. न्हावरा, भीमेचा पूल, पारगाव, केडगाव, चौफुला असे निघालो. चौफुल्यापर्यंत मेलनं मागच्या सीटचा फोम खाऊन घेतला होता. साहेब पुढं बसून मला सिग्नल देत होते.

काम झालं तेव्हा बारा वाजून गेले होते. साहेब म्हणाले, प्लॅटफॉर्मवर एक चक्कर मारू. 1878 मध्ये मनमाडचा फाटा निघाला तेव्हापासून हे जंक्शन. इंग्रज त्याला धोंड म्हणायचे. पुण्याहून मनमाडकडं जाणाऱ्या गाडीचं इंजिन इथं काढून उलट्या टोकाला लावावं लागायचं. साहेब मला ते दाखवत होते. "बघा, इथं पुढचा डबा मागचा व्हायचा आणि मागचा पुढचा. अर्धा तास गार्ड पुढं असायचा!" आता बऱ्याच गाड्या कॉर्ड लाईननं बाहेरच्या बाहेर जातात, हे सांगताना त्यांचा पट्ट्यावरचा हात सैल पडला असावा.

बाकड्याखालून एक मांजर निघालं. मांजर पुढं, मेल मागं, पट्टा मोकळा. शेजारच्या लायनीवरून नेमकी एक मालगाडी निघत होती, आणि प्लॅटफॉर्मवरून साहेब धावत निघाले. मांजर फलाटाच्या टोकाच्या खोक्यांमागं गेलं. साहेबांना बाजूनं ब्रेकव्हॅननं गाठलं. दारात एक तरुण गार्ड उभा होता. त्यानं पाहिलं, एक म्हातारा प्लॅटफॉर्मवरून धावतोय आणि त्याच्याकडं बघतोय. त्यानं सवयीनं हिरवी झेंडी दाखवली. साहेब धावता धावता थांबले, ताठ झाले आणि हात वर करून सावकाश 'ऑल राइट' दिलं. गाडीचा शेवटचा डबा, त्यावरची 'एल.व्ही.'ची पाटी दिसेनाशी होईस्तोवर हात खाली आला नाही.

तोवर मी काकूंना फोन लावला होता. "फोन खाली ठेवा फरशीवर, आवाज मोठा करा," काकू म्हणाल्या. मी ठेवला. दौंड स्टेशनच्या फलाटावर, हमाल आणि भजीवाले बघत असताना, फोनमधून परातीत भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. थप, थप, थप. खोक्यांच्या मागून आधी दोन कान निघाले, मग मेल निघाली. फोनभोवती दोन फेऱ्या मारल्या, त्याच्याखाली काकू आहेत का ते पंजानं उकरून पाहिलं. मी झडप घालून पट्टा धरला. या वेळी गुडघे सैल सोडले होते.

साहेब आले. घाम पुसला. पट्टा माझ्या हातातून स्वतःच्या हातात घेतला, घड्याळ पाहिलं, आणि खिशातून वही काढून भजीवाल्याच्या हातगाडीवर ठेवून लिहायला लागले. मी खांद्यावरून वाचलं. "12.42 दौंड. पार्टिंग. 12.51 जोडली."

शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं. त्यांनी मांजराकडं पाहिलं, ते भिंतीवर बसून अंग चाटत होतं. फलाटाच्या रिकाम्या टोकाकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"मास्तर," ते म्हणाले, "इंजिन फिरवायचं कसं, हे तुम्हीच विचारलंत ना मला?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी लिहिलंसुद्धा. मेल गाडीच्या दिशेनं निघाली होती, आणि पाठोपाठ तेही.